उद्याबाईंच्या घरातला प्लॅन

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, गंज चढेल असं अंग नाही, की झिजतील अशी चाकं नाहीत. मी एक जुना शब्द आहे. दिवसातून कितीतरी वेळा तुमच्या तोंडी येतो आणि तुमचं माझ्याकडे लक्षही जात नाही. 'प्लॅन' म्हणतात मला. शब्दाला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण शब्दही जन्माला येतो, राबतो, मिरवतो आणि एखाद्या घरात त्याच्याशी सगळे अबोलाही धरतात. माझ्याशी धरला होता. ते सांगताना अजून माझा कंठ दाटून येतो. शब्दाला कंठ कुठला, असं विचाराल तर तो तुमचाच, मी उसना घेतलेला.

माझा जन्म दूरदेशीचा. सुरुवातीला मी फक्त घरांचा होतो. घर वरून पाहिलं तर कसं दिसेल, हे सपाट कागदावर रेषांनी दाखवायचं, त्या चित्राला माझं नाव होतं. भिंत कुठे, दार कुठे, जिना कुठून चढायचा, सगळं माझ्यात असे. घर उभं राहिलं की मला गुंडाळून माळ्यावर टाकत. तरी मला त्याचं वाईट वाटत नसे. जे घर अजून नाही, ते आधी माझ्यात राहून जातं, याचाच मला मोठा अभिमान होता. पुढे लोकांच्या लक्षात आलं, की घरासारखाच अजून न उगवलेला दिवससुद्धा आधी आखून ठेवता येतो. तेव्हापासून माझा पसारा वाढला.

बोटींतून, कचेऱ्यांतून, इंजिनिअरांच्या आणि गवंड्यांच्या तोंडून फिरत फिरत मी तुमच्या भाषेत आलो. इथे माझ्या आधीची मंडळी पाय पसरून बसलेली होती. जेवणाखाणाचं सगळं 'बेत' बघत होता. 'योजना' सरकारी कचेरीत खुर्ची अडवून बसली होती. 'आराखडा' पंडित माणूस, तो फारसा कुणात मिसळत नसे. 'मनसुबा' राजेरजवाड्यांत रमलेला. मी म्हटलं, मला कोपऱ्यात जरा जागा द्या. त्यांनी दिली आणि बघता बघता मी ओसरीवरून थेट स्वयंपाकघरात शिरलो.

आता तुम्ही मला कुठे वापरत नाही? सहलीला जायचं तर प्लॅन. मैत्रिणीला चकवून तिचा वाढदिवस करायचा तर प्लॅन. फोन सुरू ठेवायचा तरी प्लॅन. दोघं कोपऱ्यात कुजबुजताना दिसली की तुम्ही डोळे बारीक करून विचारता, "काय प्लॅन चाललाय?" तेव्हा मी चोर ठरतो. पावसानं सहल बुडाली की 'प्लॅन फसला' म्हणून बोल मलाच, जसं काही पाऊस मीच पाडला. आणि सगळ्यात जास्त राग मला येतो तो 'बघू' या शब्दाचा. माणसं मला मोठ्या उत्साहानं बोलावतात, मी येऊन बसतो, आणि हा मागून येऊन माझ्या डोक्यावर पाणी ओततो. 'जायचं का?' 'बघू.' झालं, माझा निकाल लागला.

पण रागलोभाचं राहू दे. माझी सगळ्यात चांगली वर्षं कुठे गेली, ते सांगतो. ती गेली एका बसडेपोच्या खिडकीत आणि त्या खिडकीत बसणाऱ्या बाईंच्या घरात.

त्या बाई डेपोत ड्युट्या लावायच्या. उद्या कोणती गाडी कोणत्या रस्त्याला जाणार, तिच्यावर ड्रायव्हर कोण, कंडक्टर कोण, हे सगळं त्या ठरवत. जाळीच्या खिडकीमागे त्यांची खुर्ची आणि पाठीमागे भिंतभर काळा फळा. ड्युटी संपवून आलेला प्रत्येक माणूस खिडकीशी वाकून एकच गोष्ट विचारी, "बाई, उद्या काय?" त्यावरून सगळे त्यांना 'उद्याबाई'च म्हणू लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर. बाईंना ते आवडायचं. मला तर फारच आवडायचं, कारण उद्या हे माझं माहेर.

बाई नुसती नावं लिहून मोकळ्या होत नसत. कुणाचं लेकरू तापानं फणफणलंय, त्याला जवळचा रस्ता. कुणाचं बायकोशी वाजलंय, त्याला मुक्कामाची गाडी, म्हणजे दोघांची डोकी थंड होतील. आणि काहीही झालं तरी एक माणूस त्या राखीव ठेवत. राखीव म्हणजे ज्याला नेमून दिलेली गाडी नाही, पण जो कपडे करून बाकावर तयार बसलेला असतो. कुणी आलं नाही, तर तो जायचा. सगळे आले, तर चहा पिऊन घरी.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि त्यावरून सगळे त्यांची चेष्टा करायचे. त्यांनी सांगितलेली ड्युटी त्या माणसानं खिडकीशी उभं राहून मोठ्यानं परत म्हणून दाखवायची. 'हो बाई, कळलं बाई' चालायचं नाही. त्या म्हणत, जे तोंडानं बोललं नाही ते ठरलंच नाही. भोंगा नावाचा एक ड्रायव्हर होता. आवाज असा, की तो कानात काही सांगायला लागला तर रस्त्यापलीकडचा थांबून ऐके. तो आपली ड्युटी म्हणून दाखवू लागला की बाकीचे कानात बोटं घालत. बाई मात्र शेवटपर्यंत ऐकून मग मान हलवत. मित्रांनो, मला असं वागवणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.

तोच नियम त्या घरीही घेऊन आल्या. घरात माणसं तीन. बाईंचे यजमान वेताच्या खुर्च्या विणत. पुढच्या खोलीत त्यांची वेताची भिजवलेली भेंडोळी, अर्धवट विणलेल्या बैठका आणि त्यांच्यामध्ये पाय दुमडून बसलेले ते. त्यांना सगळे खुर्चीवाले म्हणत. शांत माणूस, कशाची घाई नाही. आणि मुलगी, तिला घरात माऊ म्हणत. माऊचं शाळेचं शेवटचं वर्ष चाललं होतं. लहानपणापासून आईबरोबर डेपोत जाऊन ती गाड्यांच्या पोटात डोकावत आलेली. बोटांची नखं कायम काळी.

रात्रीचं जेवण वाढून झालं की पहिला घास घ्यायच्या आधी बाई विचारत, "चला, उद्याचा काय प्लॅन?" मग प्रत्येकानं एक तरी गोष्ट सांगायची. मोठी असो, लहान असो. माऊ म्हणे, उद्या सायकलची साखळी काढून धुणार. बाई म्हणत, उद्या उशांचे अभ्रे बदलणार. पाहुणा आला तर त्याचीही सुटका नसे. आणि खुर्चीवाले? ते भाताचा घास कालवत म्हणत, "बघू." रोज बघू. माऊ हसून लोळायची. बाई म्हणत, "तुझ्या बाबांना मी लग्नाचं विचारलं असतं, तर तेव्हाही बघूच म्हणाले असते." मी आणि माझा तो वैरी एकाच ताटावर बसायचो, पण त्या घरात मला त्याचाही राग येत नसे.

त्या दिवसांत माझ्यावर सगळ्यात मोठं काम होतं ते माऊचं. दुसऱ्या गावी इंजिनांची कामं शिकवणारी एक संस्था होती. वसतिगृहात राहून शिकायचं. माऊला तिथंच जायचं होतं आणि बाईंना तिला तिथं पोचवायला जायचं होतं. त्या दोघी भांडी घासताना माझ्याशिवाय दुसरं बोलतच नसत. कोणती गाडी पकडायची, ट्रंक न्यायची की पिशव्या, खोलीत जोडीदारीण घोरणारी निघाली तर काय करायचं. बाई म्हणत, आयुष्यभर मी दुसऱ्यांना गाडीत बसवलं, आता माझ्या लेकीला बसवणार आणि मीही शेजारी बसणार.

मग बाईंच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्यांनी अंगावर काढलं. मग इस्पितळ झालं, तपासण्या झाल्या, ऑपरेशनला घेतलं आणि पोट उघडून तसंच मिटवलं. डॉक्टरांनी खुर्चीवाल्यांना आणि माऊला बाहेरच्या लांब व्हरांड्यात नेलं. त्यांनी मला वापरलं नाही. ते एवढंच म्हणाले, की आता त्यांना घरी न्या, त्यांना बरं वाटेल ते करा.

इस्पितळाच्या जिन्यात खुर्चीवाले कठडा धरून उभे राहिले. ज्या माणसानं जन्मात काही ठरवलं नव्हतं, त्यानं त्या जिन्यात पहिल्यांदा एक गोष्ट ठरवली. ते लेकीला म्हणाले, की आईसमोर आता पुढचं काही काढायचं नाही. उद्या नाही, पुढचा महिना नाही, तुझं शिकायला जाणं नाही. आपण पुढचं बोलायला लागलो की तिला वाटेल, यात मी नाही. तिला वाईट वाटेल असं एक अक्षर घरात नको. माऊनं डोळे पुसत मान हलवली. मित्रांनो, माणसांनी माझ्याविरुद्ध केलेला तो पहिला प्लॅन आणि तो त्यांनी निव्वळ प्रेमापोटी केला होता. मी कुणाला दोष देऊ?

बाई घरी आल्या, त्या पहिल्याच रात्री त्यांना आधार देऊन ताटावर बसवलं. पेजेची वाटी समोर ठेवली. सवयीनं त्यांनी विचारलं, "चला, उद्याचा काय प्लॅन?" खुर्चीवाले ताटावरून उठले, मागच्या मोरीत गेले आणि त्यांनी नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजाआड रडणारा माणूस ओळखायला बाईंना वेळ लागला नाही. त्या वाटीकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनीही मला हाक मारली नाही. यजमानांना रडू येतं म्हणून त्या गप्प आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून बाकीचे गप्प.

मग त्या घरातून मला बेमालूम काढून टाकलं. आधी भिंतीवरचं कॅलेंडर गेलं. तिथं चुन्याचा पांढरा चौकोन तेवढा उरला. दूधवाला दाराशी येऊन उद्या किती घालू असं विचारायचा, तर माऊ ओठांवर बोट ठेवून त्याला जिन्यापर्यंत घेऊन जायची. डेपोतले लोक भेटायला येत. खुर्चीवाले त्यांना खालीच गाठून सांगत, की तिच्यापुढं उद्याचं काही काढू नका. ते बिचारे वर येत, खुर्च्यांच्या कडेवर बसत आणि जुन्या गोष्टी काढत. बाई, तुम्ही किती नीट ड्युट्या लावल्यात. बाई, तुमच्यासारखं माणूस होणे नाही. बाई उशीला टेकून ऐकत. एकदा हळूच म्हणाल्या, "अरे, मी अजून ऐकतेय." कुणी हसलं, कुणी खाली बघितलं.

डेपोत कुणी नोकरीतून निवृत्त झाला की बाई त्याचं नाव ओल्या फडक्यानं फळ्यावरून पुसत. नेहमी स्वतः पुसत आणि तो माणूस गेटबाहेर गेल्यावरच पुसत. तो असताना कधी नाही. आता अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना वाटे, की आपण अजून गेटच्या आत आहोत आणि ही आपली माणसं फडकं फिरवताहेत. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. मला ठाऊक आहे, कारण मी त्यांच्या जिभेच्या शेंड्यावर रोज येत होतो आणि रोज त्या मला गिळत होत्या.

इकडे माऊच्या संस्थेचे प्रवेश सुरू झाले. तिच्या वर्गातल्या मुली जाऊन आल्या. माऊ गेली नाही. आई झोपेत कण्हत असताना तिच्या पायांना तेल चोळत बसलेल्या मुलीनं कुणाला विचारायचं? बाबांनी विषय काढला नाही, कारण काढायचा नाही असं त्यांनीच ठरवलं होतं. प्रवेशाची मुदत आली आणि गेली. घरात कुणी हूं की चूं केलं नाही.

असे दिवस जात असताना एका सुट्टीच्या दुपारी भोंगा आला. खुर्चीवाल्यांनी त्यालाही खाली गाठून समज दिली. भोंग्यानं छातीवर हात ठेवून कबूल केलं. वर आल्यावर त्यानं आवाज इतका खाली आणला, की तो बोलतोय की श्वास घेतोय तेच कळेना. बाईंनी त्याला विचारलं, घसा बसलाय का? तो मान हलवून गप्प बसला. चहा झाला. निघायची वेळ झाली. उठून तो दाराशी गेला, चौकटीला हात लावून वाकला आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून त्याच्या नेहमीच्या आवाजात निघून गेलं, "बाई, उद्या काय?"

खुर्चीवाल्यांनी डोळे मिटले. भोंग्याला तर जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि बाई? बाई कोपरावर जोर देऊन उशीवरून वर सरकल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खिडकीतल्यासारखा झाला. त्यांनी विचारलं, "उद्या रजेवर कोण कोण आहे?"

भोंग्यानं चाचरत नावं सांगितली. बाईंनी डोळे मिटून हिशेब मांडला. मग म्हणाल्या, "तू सकाळची आमच्या गल्लीवरनं जाणारी गाडी घे. तुझ्या त्या भाच्याला बाजारच्या गाडीवर घाल, तो वळणावर घाई करतो, तिथं गर्दीत आपोआप सावकाश जाईल. म्हण बघू." आणि भोंग्यानं खोलीच्या मधोमध हात बांधून उभं राहून आपली ड्युटी मोठ्यानं म्हणून दाखवली. शेवटी शेवटी त्याचा तो दांडगा आवाज फाटला. बाईंनी नेहमीसारखी मान हलवली.

तो खाली उतरला, तसे खुर्चीवालेही त्याच्या मागोमाग उतरले. जिन्यात ते त्याला बोलत होते. शांत माणसाचा राग वाईट असतो, शब्द तुटक तुटक येत होते. बाईंनी वरून हाक मारली, "अहो, वर या."

ते आले. बाई म्हणाल्या, "त्याला कशाला बोलता? किती दिवसांनी मला कुणी कामाचं विचारलं."

"तुला त्रास होईल म्हणून गं."

"त्रास होतोच आहे. पण तुम्ही सगळे माझ्याशी असं बोलता, जशी काही मी गेलेच. मी आहे ना अजून? मग मला उद्याचं सांगत जा. मी त्यात असेन, नसेन, ते माझं मी बघेन."

खुर्चीवाले तिथेच खाली बसले. बाईंनी माऊकडे बघितलं आणि विचारलं, की तुझ्या प्रवेशाचं काय झालं. माऊ म्हणाली, "नाही गेले. मुदत संपली."

"का नाही गेलीस?"

"तू अशी असताना मी कशी जाऊ, आई?"

"आणि मी नसताना कशी जाशील, ते ठरवायला मी नको होते का?"

मित्रांनो, त्या घरात तेव्हा जे रडणं झालं, त्यात नळ कुणी सोडला नाही. तिघं एकमेकांना धरून रडली. मी त्यांच्यामध्ये होतो. मला परत घरात घेतलं होतं, पण मला आनंद करवेना. आम्ही सगळे गप्प बसलो होतो, त्या दिवसांत एक वर्ष निसटून गेलं होतं. वेळेवर बोललो असतो, तर बाई कदाचित चादरीत गुंडाळून, भोंग्याच्या आधारानं का होईना, लेकीला गाडीत बसलेली बघू शकल्या असत्या. आता माऊचा प्रवेश पुढच्या वर्षी. आणि पुढचं वर्ष म्हणजे काय, ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बरं. मग पुढच्या वर्षी. लावू या ड्युट्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून बस गेली आणि खिडकीखाली तिचा हॉर्न लांबलचक वाजला. भोंग्यानं सोबत्याशी ड्युटी बदलून घेतली होती. बाई हसल्या, हसताना त्यांना दुखलं, तरी हसल्या.

त्यानंतरचे थोडे दिवस मी त्या घरात राजासारखा राहिलो, पण प्रत्येक दिवशी त्यांचा आवाज थोडा बारीक होत गेला. अंथरुणाभोवतीच ताटं मांडली जात. बाई खात नव्हत्याच, पण विचारत रोज. त्यांनी माऊचा जाण्याचा दिवस बारकाईनं लावला. बाबांनी सोबत जायचं, उजव्या अंगाच्या बाकावर बसायचं, डावीकडे दुपारी ऊन येतं. ट्रंक नको, पिशव्या न्यायच्या. पहिल्या रात्री माऊनं एकटीनं जेवायचं नाही, कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसायचं, ओळख नसली तरी. बाबांनी परत येताना मध्ये कुठे उतरायचं नाही, सरळ घरी यायचं, कारण उतरले की त्यांना परत चढवत नाही. अगदी घरातले पडदे कधी काढून धुवायचे, तेही लावून दिलं. मग म्हणाल्या, "आणि मला राखीव धर. असले तर येते."

आता म्हण, असं त्यांनी माऊला सांगितलं. माऊनं म्हणायला सुरुवात केली. बाबा सोबत येणार. उजवा बाक. पिशव्या. पहिल्या रात्री एकटं जेवायचं नाही. बाबा सरळ घरी. आई, असं म्हणून ती थांबली. बाईंनी वाट बघितली. बाई म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून म्हण." माऊनं पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं आणि शेवटी म्हटलं, "आई राखीव." बाईंनी मान हलवली आणि तिचा काळ्या नखांचा हात आपल्या गालाखाली घेऊन त्या झोपल्या. मित्रांनो, मी मोठमोठ्या इमारतींचा झालो, पुलांचा झालो, धरणांचा झालो. एवढं जड काही माझ्यावर कधी कुणी ठेवलं नव्हतं.

आणखी एका संध्याकाळी दिवेलागणीला बाईंनी खुर्चीवाल्यांना विचारलं, "आणि तुमचा हो? उद्याचा काय प्लॅन?" माऊनं सवयीनं तोंडावर हात ठेवला, आता बाबा बघू म्हणणार म्हणून. खुर्चीवाल्यांनी हातातला वेत खाली ठेवला. ते म्हणाले, "उद्या तुझे केस धुऊन देणार. आजारात जटा झाल्यात नुसत्या. ती बुटक्या पाठीची खुर्ची आहे ना, तिच्यात बसवतो, मान मागं टेकव. पाणी मी तापवतो."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "साबण डोळ्यांत घालाल."

"नाही घालणार. हात कपाळाला आडवा धरीन."

"म्हणा बघू परत."

आणि खुर्चीवाल्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, आपली ड्युटी म्हणून दाखवली. खुर्ची, पाणी, आडवा हात, सगळं. बाईंनी मान हलवली. आजवर इतक्या लोकांनी मला त्यांच्यासमोर म्हणून दाखवलं, पण इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

सकाळी खुर्चीवाले लवकर उठले. त्यांनी पातेलं चुलीवर चढवलं. बुटक्या पाठीची खुर्ची पुसली, खिडकीशी उन्हात आणून ठेवली, तिच्या पाठीवर जुना टॉवेल दुमडून टाकला, मान रुतू नये म्हणून. पाण्यात कोपर बुडवून ते कितपत गरम झालंय ते बघितलं. मग ते बाईंना उठवायला गेले. बाई उठल्या नाहीत.

माऊ धावत आली. शेजारचे आले. कुणी म्हणालं डॉक्टरांना बोलवा, कुणी म्हणालं आता काय उपयोग. खुर्चीवाले काही वेळ अंथरुणाच्या कडेला बसून होते. मग उठले. ते लोकांना म्हणाले, "जरा बाहेर थांबता का? पाणी निवतंय." लोकांना काही कळेना. माऊला कळलं. तिनं पातेलं आणलं.

बाईंना खुर्चीत बसवता आलं नाही. खुर्चीवाल्यांनी त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, खाली परात ठेवली. माऊ पाणी ओतत होती आणि ते केस धूत होते. एकेक जट बोटांनी सोडवत, वेत सोडवावा तशी, न ओढता. आणि हात कपाळाला आडवा धरलेला होता. मिटलेल्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून तो माणूस हात आडवा धरून बसला होता. सगळे केस मोकळे होईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

पुढच्या वर्षी माऊ गेली. ठरल्याप्रमाणे गेली. आता ती तिथं इंजिनं खोलते आणि जोडते, चांगलं करते म्हणे. खुर्चीवाले एकटे असतात. गिऱ्हाईक विचारतं खुर्ची कधी देणार, ते म्हणतात बघू. रात्री एकच ताट असतं आणि एका ताटावर माझं काही काम नसतं. ते जेवतात, ताट धुतात, दिवा मालवतात. मी जगभर हिंडतो, दिवसातून लाखो तोंडांतून निघतो, पण त्या खोलीत मला कुणी बोलावत नाही आणि मला तिथंच जावंसं वाटतं. ज्या आवाजात मला तिथं विचारलं जायचं, तो आवाज आता कुठेच नाही. मी फार रडलो असतो, पण शब्दाला डोळे नसतात.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून एक सांगणं आहे, हात नसले तरी. मला कसंही वापरा. सहलीला न्या, फसलो तर खुशाल शिव्या द्या, मोडायचं तर मोडा. पण तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, ज्यांचे दिवस थोडे उरलेत असं मोठी माणसं दाराआड कुजबुजत असतील, त्यांच्यापासून मला लपवू नका. तुम्हाला वाटेल, आपण त्यांना जपतोय. तुम्ही त्यांना ते असतानाच पुसत असता. त्यांच्या उशाशी जाऊन बसा आणि विचारा, उद्या काय करायचं? उत्तर फार लहान येईल. केस विंचरायचे, खिडकी उघडायची, एवढंच. ते होईल की नाही, याचा विचार करत बसू नका. हो म्हणा आणि सकाळी लवकर उठून पाणी तापत ठेवा.